डवऱ्यातलं मीठ

जव्हारला लोक थंड हवेसाठी जातात, राजवाडा बघतात, दाभोसाच्या धबधब्यापर्यंत जीपने जाऊन येतात. मी जंतू घेऊन गेले होते. त्यामुळे या लेखात धबधबा नाही. एसटीचा कंडक्टर म्हणाला होता, "आता फेब्रुवारी संपत आला ताई, नुसती धार असेल." मला तीही बघायला मिळाली नाही.

मी तेव्हा मुंबईच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात एम.टेक. करत होते. विषय माती. माझ्या पेटीत, थर्मासच्या बाटल्यांत, अशा जातीचे जंतू होते जे युरिया फोडतात. त्यांना वाळूत सोडायचं, वरून युरिया आणि कॅल्शियमचं पाणी द्यायचं, की वाळूच्या दोन कणांच्या मध्ये चुनखडी धरू लागते. थोड्या दिवसांत सुट्या वाळूचा दगड होतो. आणखी पाणी देत राहिलं तर वाळूतल्या फटी भरत जातात आणि तिच्यातून झिरपणंही जवळजवळ थांबतं. ना सिमेंट, ना मोठं खोदकाम. प्रयोगशाळेतल्या नळीत मला हे जमलं होतं. आता उघड्यावर करून बघायचं होतं, आणि त्यावर माझा प्रबंध अवलंबून होता.

जव्हार

तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यातच होता. एसटीत पेटी मी मांडीवर धरून बसले होते.

"पेटीत काय?" कंडक्टरने विचारलं.

"दही," मी म्हणाले. अनोळखी माणसाला जंतू समजावून सांगण्यापेक्षा ते सोपं होतं, आणि अगदी खोटंही नव्हतं.

"मग एवढं जपायला काय झालं? सांडलं तर ताक समजायचं."

मागच्या बाकावरचे दोघे हसले. मी खिडकीबाहेर बघत राहिले. कापलेल्या भाताची खाचरं कोरडी पडली होती. चढावर पळस फुलला होता, आणि त्याच्याखाली लोक राब भाजत होते. राब म्हणजे रोपं करायच्या तुकड्यावर पाला, गवत आणि शेण पसरून ते जाळायचं. आमच्याकडे गच्चीवर पालापाचोळा जाळला तर सोसायटीची नोटीस येते. इथे डोंगरच्या डोंगर धुरकट होते आणि त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं.

जव्हारला उतरेपर्यंत पेटीतला बर्फ वितळला होता. बाजारात फिरून एक मासळीवाली सापडली. डहाणूकडची असावी. ओल्या मासळीच्या पाटीखाली तिच्याकडे बर्फ होता.

"मासळी नाय घ्यायची नि बर्फ पायजे?" तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "बर्फाचं कालवण करतेस काय?"

मी गडबडीने अर्धा किलो सुके बोंबील घेतले. मग तिने बर्फाची मोठी लादी फोडून दिली. युरियाच्या दुकानात दुकानदाराने विचारलं, "किती एकराला?" मी म्हणाले, "एका खड्ड्याला." त्याने पुढे काही विचारलं नाही.

पाडा

मोखाड्याच्या बाजूला पोशेऱ्याकडे जाणाऱ्या जीपमध्ये आम्ही सोळा जण होतो, शिवाय एक शेळी. ज्यांच्याकडे मी उतरणार होते ते गुरुजी रस्त्यावर येऊन थांबले होते. पन्नाशीचे, पांढरा शर्ट, सायकल हातात. माझ्या सरांची आणि त्यांची जुनी ओळख. पेटी त्यांनी सायकलच्या कॅरियरला बांधली आणि पाड्यापर्यंत सायकल ढकलत नेली, बसले नाहीत. मी चालत होते म्हणून.

त्यांच्या घरी काकूंनी नागलीची भाकरी, उडदाची आमटी आणि खुरासणीची चटणी वाढली. खुरासणी मी पहिल्यांदा खाल्ली. काळी, तेलकट, तिळाच्या जवळची पण जास्त करडी चव. आमच्या घरी पाहुण्याला आधी पाणी, मग चहा, मग गप्पा, आणि शेवटी जेवण. इथे आधी जेवण झालं, आणि बोलणं जवळजवळ नाहीच. मला ते फार सोयीचं गेलं. बोंबील मी काकूंना दिले. त्यांनी मूठभर काढून जानीच्या ओच्यात टाकले.

जानी गुरुजींच्या मोगऱ्याच्या तुकड्यात रोजावर यायची. वयाने माझ्याएवढीच असेल. तिच्या घरची जमीन नव्हती. तिने बोंबील बघितले, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "तू आणलेस?"

इथे सगळे एकमेकांना 'तू' म्हणतात. शाळेत आम्हाला मराठी हा दुसरा विषय होता आणि बाईंनी 'तुम्ही'चं महत्त्व इतकं सांगितलं होतं की तिच्या 'तू'ने मी आधी दचकले. दुसऱ्या दिवसापासून बरं वाटू लागलं.

ज्या बंधाऱ्याखालची वाळू मला बांधून बघायची होती तो गुरुजींच्या शेताला लागून होता. दगडाची बुटकी भिंत, मागे घोट्याएवढं पाणी, खाली आणि बाजूला जाड वाळू. पावसाळ्यात हा नाला माणूस वाहून नेतो, गुरुजी म्हणाले, आणि संक्रांत झाली की भिंतीमागचं पाणी दिवसादिवसाला खाली जातं. तिथून मोगऱ्याला पाणी घालायचं तर मार्चपर्यंत तरी ते टिकायला हवं. संध्याकाळी पाड्यातली चार माणसं गोळा झाली. मी प्रयोगशाळेत केलेली वाळूची कांडी पिशवीतून काढली. एकाने ती दगडावर आपटली. तुटली नाही.

"हा तर दगड हाय," तो म्हणाला.

"वाळूच आहे. जंतूंनी बांधली."

"किडं घर बांधतात तसं?"

"तसंच साधारण."

"म्हणजे गळती बंद," गुरुजी म्हणाले.

"कदाचित," मी म्हणाले. पण ते तोपर्यंत बाकीच्यांकडे वळले होते आणि तेच पुन्हा मोठ्याने सांगत होते, माझं 'कदाचित' वगळून.

मीठ

जंतू सोडण्याआधी पाणी नेमकं कुठून निसटतं ते बघायचं होतं. त्याची रीत जुनी आहे. भिंतीच्या वरच्या बाजूला वाळूत खड्डा करून मिठाचं दाट पाणी ओतायचं. खालच्या बाजूला वाळूत नळ्या रोवायच्या, आणि त्यांतल्या पाण्याचा खारटपणा मीटरवर मोजत बसायचं. ज्या नळीत मीठ आधी येईल, तिकडून पाण्याची वाट.

मी दहा किलो खडेमीठ ओतलं. गुरुजींनी बादल्या भरून दिल्या. मी भिंतीखाली सरळ रेषेत चार नळ्या रोवल्या आणि छत्री उघडून बसले.

पहिल्या दिवशी काही आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मीटरचा काटा जिथे होता तिथेच. मी मीटर पुसला, कपात मिठाचं पाणी करून तपासला, तो ठीक होता. दहा किलो मीठ वाळूत नाहीसं झालं होतं. वहीत मी लिहिलं, 'चाचणी फसली, पुन्हा करावी.'

भिंतीच्या खाली साठेक पावलांवर नाल्याला वळण होतं. त्यापलीकडे बायका पाण्याला जातात एवढं मला कळलं होतं, कारण रोज सकाळी तिकडून हसण्याचे आणि भांड्यांचे आवाज यायचे. मी तिकडे गेले नव्हते. बायकांच्या जागी परक्याने कशाला जा, असं मी स्वतःला सांगितलं होतं. खरं म्हणजे ओळख नसलेल्या घोळक्यात शिरणं मला जड जातं. माझ्या नकाशात नाला त्या वळणाशी संपत होता.

डवरा

तिसऱ्या दिवशी सकाळी तिकडून हसण्याचे आवाज आले नाहीत, भांडणाचे आले. काकू हंडा घेऊन निघाल्या, त्यांच्या मागे मी गेले.

वळणापलीकडे वाळूत एक खड्डा होता, परातीएवढ्या तोंडाचा, गुडघाभर खोल, कडेला दगड रचलेले. याला डवरा म्हणतात. तळाशी वाळूतून पाणी पाझरतं. एक बाई काठावर बसते, वाटीने ते हंड्यात भरते, मग थांबते, पुन्हा पाणी साठतं, पुन्हा भरते. तिचं झालं की दुसरीची पाळी. चपला लांब काढलेल्या होत्या. इथे साबण चालत नाही, भांडी घासलेली चालत नाहीत, मासळी तर नाहीच.

सात-आठ बायका उभ्या होत्या आणि मध्ये जानी.

"कालवणाचं पानी झालाय! चाखून बघ."

"बोंबील खाल्लेस ना परवा? हात कुठं धुतलेस?"

"घरी," जानी म्हणाली. "माझ्या दारात."

"दारात? नळ लागला काय गं तुझ्या दारात? आमाला बोलावलं नाय पूजेला?"

बायका हसल्या. जानी हसली नाही.

"वास अजून हाय तुझ्या लुगड्याला."

"वास हाय तर लांब बस. मी डवऱ्यात हात घातला नाय. भांडं बुडवलं नाय. काय नाय."

सगळ्यांत म्हाताऱ्या बाईला सोनूआजी म्हणत. ती दगडावर बसून तंबाखू मळत होती. मळून झाल्यावर बोलली. "बिघडवलं तिनं उपसायचं. नि पानी गोडं होईपरत शेवटची पाळी. माझ्या सासूला पन सोडली नव्हती." मग तिची नजर माझ्यावर गेली. "तू शिकलेली हायेस बाय. तू चाख."

कुणीतरी वाटी पुढे केली. मी घोटभर घेतलं. बंधाऱ्याचं पाणी माझ्या नळ्यांच्या वाटेने न जाता कडेकडेने वळण घेऊन इथे येत होतं. मीटरला दोन दिवस जे सापडलं नव्हतं ते माझ्या जिभेवर होतं.

"खारट आहे," मी म्हणाले.

एवढंच म्हणाले. सोनूआजीने मान डोलावली, जणू साक्ष झाली. जानीने हंडा बाजूला ठेवला, साडी खोचली आणि वाटीने डवरा उपसायला बसली. तळ कोरडा केला की पाणी पुन्हा भरायचं, पुन्हा खारटच. तिने तो तीन वेळा उपसला. शेवटची पाळी म्हणजे तिला पाणी मिळेपर्यंत ऊन वर येणार आणि कामाची वेळ टळणार. त्या दिवशी ती मोगऱ्यात आली नाही.

मी एक बाटली भरून आणली होती. घरी येऊन मीटर लावला. काटा पार टोकाला गेला.

गुरुजींना मी सगळं सांगितलं. ते ओट्यावर वह्या तपासत होते. लाल पेन तसंच धरून ऐकून घेतलं.

"दोन-चार दिवसांत मीठ निघून जाईल ना?"

"जाईल."

"मग बोलू नका. त्या बायका बंधाऱ्याला हात लावू देणार नाहीत. तुमचं काम बुडेल." थोडं थांबून म्हणाले, "आणि माझा मोगराही."

"पण जानी..."

"जानीला मी समजावतो. उद्या कामाला उशिरा आली तरी चालेल म्हणून सांगतो."

ते वाईट माणूस नव्हते. बंधारा त्यांनी चकरा मारून मंजूर करून घेतला होता आणि श्रमदानात स्वतः दगड वाहिले होते. मी वही घेऊन बसले. मीठ निघून जाईल हे खरं होतं. पण मिठामागून माझे जंतू जाणार होते त्याच वाटेने. ते युरिया फोडतात तेव्हा अमोनिया सुटतो, बंद मुतारीसारखा वास येतो, आणि ते पाणी काही आठवडे डवऱ्यात उतरलं असतं. नंतर प्रयोग साधला तर डवऱ्यात काहीच उतरलं नसतं. फसला तर नुसती पहिली गोष्ट, साधला तर दुसरीही. मी दोन्ही वहीत लिहिल्या आणि वाचल्या. जेवणात काकूंनी बोंबलाची चटणी वाढली. मी भूक नाही म्हणाले.

पाळी

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काकूंच्या आधी निघाले. चपला लांब काढल्या. जानी वाकून उपसत होती, बाकीच्या हंडे घेऊन बसल्या होत्या.

"अजून खारा हाय," एकजण म्हणाली. "कितीसे बोंबील धुतलेस गं? टोपलीभर?"

मी काय बोलायचं ते रात्री पाठ केलं होतं. पुस्तकी वाक्यं होती, त्यांतलं एकही आठवलं नाही.

"मीठ मी टाकलं," मी म्हणाले.

कुणाला कळलं नाही. मी पुन्हा म्हणाले, या वेळी जरा मोठ्याने. "बंधाऱ्याच्या वर. दहा किलो. जानीने काही नाही केलं."

"तू?" सोनूआजीने विचारलं. "कशाला?"

"पाणी कुठून जातं ते बघायला."

"लोणचं घालायचं व्हतं काय नाल्याचं!" आणि बायका हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "अगं, इचारायचं! इथं येतं पानी. माझ्या आजीला म्हायत व्हतं. दहा किलो मीठ नासलंस."

मी हसू ओसरायची वाट बघितली. मग उरलेलं सांगितलं. बंधाऱ्याखालची वाळू बंद केली की इथे पाणी येणार नाही. आणि ती बंद होईपर्यंत जे येईल ते पिता येणार नाही. हे मला यायच्या आधी कळायला हवं होतं. मी इथे येऊन बघितलंच नव्हतं.

आता कुणी हसलं नाही.

"गुरुजीला म्हायत हाय?" सोनूआजीने विचारलं.

"कालपासून."

काकू तोवर येऊन पोचल्या होत्या. त्यांनी हंडा खाली ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मला नव्हतं माहीत." ते खरं होतं. सगळ्यांनी ते मानलं.

"नि तुझे किडे?"

"इथे सोडणार नाही. परत नेते."

ते मी नेले. गुरुजींनी पेटी पुन्हा सायकलला बांधून जीपपर्यंत पोचवली, वाटेत पिकांबद्दल बोलले, बंधाऱ्याबद्दल नाही. सरांनी मला बराच वेळ ऐकवलं. प्रबंध शेवटी कॉलेजच्या अंगणात, पत्र्याच्या टाकीत भरलेल्या वाळूवर झाला. पण हे सगळं नंतरचं.

तेव्हा डवऱ्यावर जानी उभी राहिली होती. हात कोपरापर्यंत ओले. ती रागावली असेल असं मला वाटलं होतं, पण तिचा चेहरा नुसता दमलेला होता.

"काल तू इथंच व्हतीस," ती म्हणाली.

"हो."

"चाखलंस पन."

"हो."

"मंग?"

  जानीने वाटी माझ्या हातात दिली.

"मी काल तीनदा उपसला," ती म्हणाली. "आज एकदा."

"उपस," सोनूआजी म्हणाली, आणि तंबाखूची चंची उघडली.

मी काठावर बसले. वाटीने पाणी काढून लांब फेकायचं, म्हणजे ते मुरून परत येणार नाही. हे मला कुणीतरी मागून सांगितलं, मी जवळ फेकत होते म्हणून. पहिल्यांदा तळ लागला तेव्हा पाठ भरून आली होती. मग थांबायचं. पाणी आधी दिसत नाही, वाळू नुसती काळी पडते. मग कणांच्या मध्ये चमकतं. मग एक बोट चढतं. बायका गप्पा मारत होत्या, कुणाची तरी मुलगी भिवंडीला कामाला गेली होती तिच्या, आणि मध्येच कुणीतरी "हात चालव गं" म्हणत होतं. दुसऱ्यांदा उपसलं. जानीने चाखलं आणि थुंकली.

"हाय अजून."

तिसऱ्यांदा. चौथ्यांदा. ऊन पाठीवर आलं. चौथ्यांदा पाणी भरल्यावर सोनूआजीने स्वतः वाटी घेतली, तोंडात घोळवलं, गिळलं.

"थोडा हाय. प्याया चालल."

पहिली पाळी जानीला दिली. तिने घाई केली नाही. हंडा भरला, त्यावर कळशी भरली, चुंबळ ठेवली, आणि दोघींनी हात लावल्यावर हंडा डोक्यावर घेतला. मग बाकीच्या, एकेक करून. काकूंनी आपला हंडा भरला आणि रिकामी कळशी माझ्याजवळ ठेवून गेल्या. शेवटची पाळी माझी होती, हे कुणी सांगितलं नाही.

सगळ्या गेल्यावर डवऱ्यात तळहातभर पाणी उरलं होतं. मी वाटी घातली तर वाळू उठली आणि पाणी गढूळ झालं. पुन्हा घातली, जास्तच गढूळ.

जानी वर चढणीवर पोचली होती. तिथूनच, मान न वळवता, डोक्यावरचा हंडा सांभाळत ओरडली, "ढवळू नको! वाळू खाली बसू दे!"

मी हात बाहेर काढला आणि थांबले. बराच वेळ लागला. वाळू खाली बसली. मग कळशी भरली.